राजीखुशी कोणाची

रोज पहाटे उठल्याबरोबर मनकर्णा आपली शिंदीची चटई गुंडाळायची आणि घराबाहेर नेऊन गोठ्याच्या कुडाला उभी टेकवून ठेवायची. चटईच्या पोकळीत घोंगडी, घोंगडीच्या घडीत एक लुगडं. आभाळ भरलेलं असलं तर वरून खताच्या पोत्याचा कागद. भाऊ मुखरू याचं घर दोन खोल्यांचं आणि पुढे पडवी. त्या साऱ्या घरात दिवसभर तिची एकही वस्तू दिसत नसे. तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं. १९८१ साली ती नवऱ्याकडून परत आली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने हे सुरू केलं, आणि मग ते अंगवळणी पडलं.

"बाई, चटई आत राह्यली तं घर काई खाऊन नाई टाकत तिले," भावजय सुगंधा म्हणायची.

"राहू दे. बाहेर हवा लागते."

"तुले लागते का चटईले?"

मनकर्णा हसायची आणि शेणाची पाटी उचलायची. ती मुखरूपेक्षा चार वर्षांनी मोठी, तेव्हा तिशीच्या आतबाहेर. काटक, सावळी, बोलण्यात हळू. सुगंधा तिच्यापेक्षा लहान आणि तोंडाने फटकळ, पण दोघींमध्ये भांडण म्हणावं असं कधी झालं नाही. दोघी एका पातेल्यातलं खात. फक्त वाढून घेताना मनकर्णा दुसऱ्यांदा भात घेत नसे.

आवळघाट हे गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, वैनगंगेच्या अगदी काठावरचं. सकाळी धुकं उतरलं की पलीकडचा काठ दिसतो आणि त्या काठामागे कोसमटोला. मनकर्णाचं सासर तिथलं. दोन गावांमध्ये डोंगा, म्हणजे लाकडी नाव, चालतो. डोंगेवाला गप्पिष्ट असला तर अर्धा तास, नसला तर त्याहून कमी. तिची वरात डोंग्यातूनच गेली होती. तेव्हा दोन्ही काठ एकाच चांदा जिल्ह्यात होते आणि नदीच्या या बाजूचं कोणतं, त्या बाजूचं कोणतं, याचा विचार करायचं कुणाला कारण नव्हतं.

नवरा लटारू. तो मारकुटा नव्हता, पिणाराही नव्हता. त्याच्याबद्दल वाईट काय सांगावं हे तिला पुढे वकिलासमोर बसूनही पटकन सुचलं नाही. नऊ वर्षं ती नांदली. मूल झालं नाही. नवव्या वर्षी त्याने कमला नावाची एक बाई घरी आणली. तिला चौथा महिना होता. मनकर्णाने तिला पाणी दिलं, चुलीची जागा दाखवली. महिनाभर तिघं एका घरात राहिली. मग लटारूने चार जुनी माणसं जमवली आणि ठरलं की हे असं चालायचं नाही, दोघांना मोकळं करावं. पूर्वी असं काही असलं की तोंडी मिटायचं. पण जमलेल्यांपैकी एकाचा पुतण्या तहसीलीत शिपाई होता. त्याचं म्हणणं, आता साऱ्याचा कागद लागते.

कागद म्हटलं की पंचक्रोशीत इसरूभाऊ. आठवडी बैलबाजारात चिंचेखाली लाकडी पेटी मांडून तो बसायचा. पेटीत स्टॅम्पपेपर, दौत, अंगठ्याची शाई. लटारूला त्या दिवशी तसाही एक गोऱ्हा विकायचा होता, म्हणून सारे बाजाराच्याच दिवशी गेले. मुखरूला डोंग्यातून बोलावून घेतलं. इसरूभाऊने चष्म्याचा दोरा कानामागे नीट केला, नावं-गावं विचारली आणि भराभर लिहून टाकलं. शेजारी एका बैलाचं तोंड उघडून दात मोजणं चाललं होतं. लिहिलेलं वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा सौदा तुटला, आरडाओरडा झाला आणि वाचायचं राहिलं.

पंचांमधल्या म्हाताऱ्याने विचारलं, "पोरी, राजी हायेस ना?"

"हाव," मनकर्णा म्हणाली.

जेवलीस का, बरी आहेस का, राजी आहेस का. मोठ्या माणसांनी चारचौघांत विचारलं की त्याला तिच्या माहितीत एकच उत्तर होतं. ते तिने दिलं. अंगठा उमटवला. लटारूने एक लुगडं आणि पाणी भरायचा एक पितळी गुंड तिच्यापुढे ठेवला, मुखरूने तो खांद्यावर घेतला, आणि दोघं बहीणभाऊ डोंग्यात बसली. नदी भरलेली नव्हती. तळाची वाळू दिसत होती. त्या वाटेत ती रडली नाही असं मुखरू सांगतो. ती म्हणे विचारत होती, की गोऱ्हा शेवटी कितीला गेला.

पुढच्या वर्षी जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले. नदीपलीकडचं सारं गडचिरोलीत गेलं. डोंगा तोच, डोंगेवाला तोच, तो गंमतीने म्हणू लागला, "चला बसा, जिल्हा बदली करून देतो."

मनकर्णाचे दिवस कामात जात होते. पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, दिवाळीनंतर कापणी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. मिळेल ते ती मुखरूच्या हातात द्यायची. तरी दुसऱ्यांदा भात घ्यायची नाही. १९८३ मध्ये सुगंधाला तिसऱ्यांदा दिवस गेले. एका दुपारी धान पाखडता पाखडता ती म्हणाली, "बाई, हे लेकरू आलं का पडवीत बाज लागन. तू कुठी निजशीन?"

तिने वाईट मनाने म्हटलं नव्हतं. ती खरोखरच जागेचा हिशोब मांडत होती. मनकर्णाने पडवीकडे पाहिलं. बाज कुठून कुठवर येईल ते तिलाही दिसलं.

त्या आषाढात ती गावातल्या बारसागड्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवण्याला होती. म्हाताऱ्या बारसागड्यांचा मुलगा ब्रह्मपुरीच्या कोर्टात नुकताच वकिली करू लागला होता आणि रोवण्याच्या दिवसांत काळा कोट घरी ठेवून बायकांना चहा पोचवायला सायकलवर यायचा. बायका त्याची थट्टा करायच्या.

"वकीलबाबू, आमच्या मनकर्णेची केस घ्या. नवऱ्यानं सवत आणली न इले भावाच्या घरी टाकली."

"घेतो की. पण बाई, तुम्हाला पाहिजे काय? नवरा परत पाहिजे?"

मनकर्णा गुडघाभर चिखलात उभी होती, हातात रोपांची पेंडी. तिने ती मोडली, चार काड्या रोवल्या, मग म्हणाली, "नवरा नाई पायजे जी. भात पायजे. माया हातानं वाढून घेतलेला."

बारसागड्याने किटली बांधावर ठेवली आणि पहिल्यांदा नीट चौकशी केली. मग त्याने तिथेच, बांधावर उभ्या उभ्या, तिला समजावलं. फौजदारी कायद्यात एकशे पंचवीस नावाचं कलम आहे. ज्या बायकोला पोटापाण्याचं साधन नाही आणि नवरा असून देत नाही, तिला कोर्ट दर महिन्याची पोटगी ठरवून देतं. सोडलेल्या बायकोलाही देतं, तिने दुसरं लग्न केलं नसेल तर. म्हणजे कागद झाला म्हणून दार बंद झालं असं नाही. एकच आडकाठी असते: दोघं आपापसांत राजीने वेगळी राहत असतील तर पोटगी मिळत नाही.

"कागदावर काय लिहिलंय?"

"मले का मालूम? अंगठा मायाच हाये."

"आणि तुम्ही त्या दिवशी काय बोललात?"

"हाव म्हनली."

बारसागड्याने किटली उचलून सायकलला अडकवली. मग म्हणाला, "पाहू."

अर्ज ब्रह्मपुरीला पडला. अर्ज म्हणजे दोन पानं; त्यापुढे दोन वर्षं. पेशी असली की मनकर्णा पहाटे निघायची, तीन कोस चालून एस.टी. धरायची, कोर्टाच्या ओट्यावर बसायची. पट्टेवाल्याने नाव पुकारलं की उठायची. पुष्कळदा पुढची तारीख घेऊन परत यायची. मजुरी बुडायची. मुखरू तिच्यासोबत एकआड एक पेशीला यायचा आणि वाटेत एकही शब्द बोलायचा नाही. कागदावर त्याचाही अंगठा होता.

लटारूने गडचिरोलीचा वकील लावला होता. त्याने पहिली हरकत घेतली ती जागेची. नवरा राहतो कोसमटोल्याला, नांदणं झालं तिथेच, कागद झाला तिथेच. तो मुलूख आता दुसऱ्या जिल्ह्यात. तेव्हा हा अर्ज इथल्या कोर्टाला ऐकताच येत नाही. बाईने गडचिरोलीला जावं.

गडचिरोलीला जायचं म्हणजे पहाटे डोंगा, पलीकडे बस, आणि पेशी लांबली की रात्री राहायला कुणाचं घर नाही. मनकर्णाला यातलं कायद्याचं काही कळलं नसलं तरी एवढं कळलं, की अर्ज नदीपलीकडे गेला तर तो संपला.

बारसागडे म्हणाला, "साहेब, कायद्यानं तीन ठिकाणं सांगितली आहेत. नवरा असेल तिथं, दोघं शेवटी नांदली तिथं, किंवा बायको राहते तिथं. माझी पक्षकार आवळघाटला राहते. आवळघाट याच तालुक्यात आहे."

"राहत नाही," लटारूचा वकील म्हणाला. "भावाकडे पाहुणी आहे. आज आहे, उद्या नाही. त्याला राहणं म्हणत नाहीत." आणि तो मनकर्णाकडे वळला. ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती.

"बाई, झोपता कुठं?"

"भावाच्या घरी. पडवीत."

"तुमची चटई दिवसा कुठं असते?"

तिने वकिलाकडे पाहिलं. ही गोष्ट याला कुणी सांगितली असेल, याचा तिने नंतर पुष्कळ विचार केला. डोंग्यात माणसं बोलतातच.

"बाहेर. गोठ्यापाशी."

"लुगडं?"

"चटईत."

"म्हणजे त्या घरात तुमची एकही वस्तू नाही. रोज उठून बिऱ्हाड बांधून ठेवता. बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली. खोटं कसं सांगणार? चटई तर बाहेरच होती.

बारसागड्याचा चेहरा उतरला. त्याने मुखरूला बोलावलं. मुखरू पिंजऱ्यात चढताना अडखळला. लटारूच्या वकिलाने तोच धागा पुढे ओढला.

"तुमची बहीण तुमच्याकडे पाहुणी म्हणून आली, हे खरं?"

"पाहुनी?" मुखरूने शब्द तोंडात घोळवला. "पाहुनी असती तं रोवन्याले कायले धाडली असती, साहेब? पाहुन्याले कोनी चिखलात उभं करते? तीन साल झाले, मायी बहीन गोठा काढते, पानी भरते, माये लेकरं धुते. पाहुनी असती तं मी तिले बाजीवर निजवलं असतं."

आणि तो रडला. दंडाधिकाऱ्यांनी खाली पाहून काहीतरी लिहिलं. हरकत फेटाळली गेली. बाई आवळघाटची राहणारी आहे असं कोर्टाने धरलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर सुगंधाने मनकर्णाची चटई उचलून स्वतः आत नेली. पहाटे मनकर्णाने ती पुन्हा बाहेर ठेवली.

अर्ज नदीच्या अलीकडे राहिला. पण कागद अजून बाकी होता. लटारूच्या वकिलाचा सारा भर त्याच्यावर. बाईने राजीखुशीने वेगळं राहणं पत्करलं, लुगडं आणि गुंड घेतला, पुढचा हक्क सोडला. मग पोटगी कसली? मनकर्णाला त्याने सरळ विचारलं, "पंचांनी राजी आहेस का विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात?"

"हाव."

"कुणी मारलं? धमकी दिली?"

"नाई."

बारसागड्याने कपाळावरून रुमाल फिरवला.

कागद शाबीत करायला लटारूच्या बाजूने इसरूभाऊला आणलं. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, चष्म्याला नवा दोरा. एवढ्या मोठ्या ठिकाणी आपलं अक्षर वाचलं जाणार याचं त्याला अप्रूप होतं. कागद त्याच्या हातात दिला, तेव्हा त्याने तो बाजारात वाचतो तसा, मोठ्या आवाजात, सुरात वाचला.

"लिहून देणार, लटारू वल्द डोमा, राहणार कोसमटोला. लिहून घेणार, मुखरू वल्द गंगाराम, राहणार आवळघाट. कारणे लिहून देतो की, मी आज रोजी राजीखुशीने, शुद्धीवर असताना, कोणाचे दाबाखाली न येता, माझे घरची मनकर्णा ही तुमचे ताब्यात दिली असे. आजपासून तिचे चारापाण्याशी, दुखण्याखुपण्याशी माझा काही एक संबंध नाही. पुढे काही खोड निघाल्यास माझेकडे तक्रार चालणार नाही. सबब हा कागद लिहून दिला."

चारापाण्यापाशी मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं. खोडीपाशी सारेच हसले. लटारू खाली पाहत होता. त्याच्या वकिलाने कागद पुन्हा हातात घेतला आणि नव्याने वाचत असल्यासारखा पाहू लागला. ओळींमधला 'राजीखुशी' हा एकच शब्द त्याने आजवर पाहिला असावा.

मनकर्णाही तो कागद पहिल्यांदाच ऐकत होती.

बारसागडे उठला. घाई न करता त्याने विचारलं, "इसरूभाऊ, बाजारात बसायला किती वर्षं झाली?"

"एकतीस, जी."

"काय काय लिहिता?"

"बैल, गाय, म्हैस. एखांद्या वक्ती मक्त्याचा कागद."

"सोडचिठ्ठ्या किती लिहिल्या?"

"हे पयलीच, जी."

"मग मसुदा कुठून आणला?"

"आनाचं काय? बैलाचाच मसुदा. पक्का हाये. एकतीस सालात मायावाला एक कागद खोटा नाई ठरला." इसरूभाऊ आता रंगात आला होता.

"बाईचा अंगठा कुठं घेतलाय?"

"खुनेच्या रकान्यात. रंग, शिंग, दात लिवतो ना, थो रकाना रिकामा होता."

"बरं. यात 'राजीखुशीने' असं लिहिलंय. कोणाची राजीखुशी?"

"देनाऱ्याची. लटारूची."

"आणि बाईची?"

इसरूभाऊने वकिलाकडे पाहिलं. प्रश्नच चुकीचा आहे, हे समजावून सांगावं तसा तो म्हणाला, "बैल इकताना बैलाची राजीखुशी कोन इचारते, साहेब?"

या वेळी कुणी हसलं नाही. इसरूभाऊला ते हळूहळू जाणवलं. त्याने फेटा चाचपला, मनकर्णाकडे पाहिलं आणि मग कुठे पाहावं ते त्याला कळेना. दंडाधिकाऱ्यांनी ते वाक्य जसंच्या तसं नोंदवायला सांगितलं. टंकलेखकाने 'इचारते'चं 'विचारतो' केलं, एवढाच फरक.

परतताना बसस्टँडवर मनकर्णा बराच वेळ शेंगा सोलत बसली होती.

"मुखरू, खोड निघाली तं, असं लिवलं होतं?"

"मले वाचता येते का, बाई?"

"मालूम हाये. इचारून राह्यली फक्त."

निकाल १९८५ च्या उन्हाळ्यात लागला. कागदावर बाईने स्वतः काहीच लिहून दिलेलं नाही, तेव्हा तिने काही सोडलं असं म्हणता येत नाही. चारचौघांत विचारल्यावर ती हो म्हणाली, तेवढ्याने आपखुशीने वेगळं राहणं होत नाही. नवऱ्याने घरात दुसरी बाई आणली आहे, तेव्हा हिला वेगळं राहायला कारणही आहे. लुगडं आणि गुंड ही पोटगी नव्हे. दरमहा ऐंशी रुपये. बारसागड्याने तिला हे सारं ओट्यावर बसून सांगितलं. तिने विचारलं, "मंग मी सोडलेली का नाई सोडलेली?"

"त्याचा निकाल या कोर्टात लागत नाही, बाई. तो दिवाणीचा दावा वेगळा. इथे पोटगीपुरतं पाहतात. सोडलेल्या असा की नसा, पोटगी तुम्हाला मिळतेच."

"मंग राहू द्या थो दावा."

पहिले चार महिने काहीच आलं नाही. वसुलीचं वॉरंट काढावं लागलं, आणि ते दुसऱ्या जिल्ह्यातून बजावायचं. ते जायचं, फिरायचं, 'इसम मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत यायचं. इसम रोज संध्याकाळी घाटावर बैल धूत असल्याचं आवळघाटहून दिसायचं. "वॉरंटाला पोहता येत नाही, बाई," बारसागडे म्हणायचा, "डोंग्याची वाट पाहावी लागते." शेवटी एकदा ते पोचलं. लटारूला एक दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. पुढच्या महिन्यात पहिली मनीऑर्डर आली, आणि मग येत राहिली.

मनकर्णाने गोठ्याला लागून एक खोली उभी केली. कूड तिने आणि सुगंधाने मिळून लिंपला. दार नदीकडे नाही, गावाकडे. आत एक चूल. पहिल्या दिवशी तिने इतका भात रांधला की सुगंधाची तिन्ही लेकरं जेवून उरला. "एवढा कायले?" सुगंधा म्हणाली. मनकर्णा दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

१९८७ च्या माघात एका सकाळी डोंग्यातून लटारू उतरला. सोबत इसरूभाऊ, काखेत पेटी. मनकर्णाने त्यांना अंगणात पोतं टाकून दिलं. लटारूचे केस पिकले होते. कमलेला दोन मुलं झाली होती, एक पायाने अधू.

"दर महिन्याची कटकट हाये," तो म्हणाला. "पोस्टात जा, फारम भर. एकदाच काय ते घे न मोकळी हो. बैलजोडी इकली, तिचे आले तेवढे सारे देतो."

रक्कम मोठी होती. खोलीवर कवेलूंचं छप्पर चढलं असतं, दोन शेळ्याही आल्या असत्या. सुगंधा कुंपणापलीकडून कान देऊन उभी होती. मनकर्णा खरोखर विचार करत होती.

"वाचा, इसरूभाऊ. सारं वाचा."

"वाचतो. या खेपी मसुदा नवा हाये," इसरूभाऊ घाईने म्हणाला. "वकिलाले इचारून बनवला. चारापानी नाई यात. 'अन्नवस्त्र' लिवलं."

"देनार कोन?"

"तू."

"मी काय देते?"

"पोटगीचा हक्क. पुढं कोर्टात जानार नाई, असा."

"आन राजीखुशी?"

"या वक्ती तुयीच, बाई. तुयीच लिवली." इसरूभाऊचा आवाज खाली आला होता.

"मंग नाई," मनकर्णा म्हणाली. "मी राजी नाई."

लटारू उठून उभा राहिला. "आता नाई म्हनतेस? तवा तं हाव म्हनली होतीस!"

"तवा सारे उभे होते. आता तुमी दोघंच."

कुंपणापलीकडे सुगंधा खुदकन हसली. लटारू डोंग्याकडे निघाला. इसरूभाऊने पेटी बंद केली, पण तो लगेच गेला नाही. त्याने पाणी मागितलं, ते सावकाश प्यायला आणि तांब्या स्वतः विसळून ठेवला. बारसागडे वकिलाने पुढे तिला सांगितलं, की तसला कागद केला असता तरी कोर्टाने तो पाळलाच असता असं नाही. मनकर्णाने ते ऐकून घेतलं. तिला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

१९८८ च्या भादव्यात गावात हिवताप आला. तो घरोघरी फिरला आणि तिच्याकडे जास्त मुक्काम केला. सरकारी गोळ्या झाल्या, मुखरू बैलगाडी जुंपतो म्हणाला. चिखलात गाडी निघेना. मनकर्णा आपल्या खोलीत पडून होती. ती गेली ते एका गुरुवारी, पहाटे. बुधवारी रात्रभर ती तापात काहीबाही बोलत होती, रोवण्यातल्या बायकांना हाका मारत होती. त्याचा अर्थ कुणाला लागला नाही.

तिचं शेवटचं नीट बोलणं बुधवारच्या दुपारचं. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला होता. मुखरूने हात पुढे केला तर पोस्टमन म्हणाला, कोर्टाची पोटगी हाये, ज्याची त्यालेच द्या लागते. तो जोडे काढून आत आला, खाटेजवळ उकिडवा बसला. सुगंधाने तिला पाठीला हात देऊन बसवलं. पोस्टमनने शाईची डबी उघडून धरली, तिने अंगठा टेकवला, फॉर्मवर उमटवला. पैसे उशाखाली ठेवले. मग अंगठा लुगड्याच्या काठाला पुसत ती म्हणाली, "सुगंधा, बाबूले चहा पाज. साखर माया डब्यातली घेजो."